जाळी कुणी काढली?



या वेळचा धडा बैठकीत मोठ्याने वाचायचा आहे. ज्यांच्या गटाचं कांडप केंद्र आहे, पिठाची गिरणी, शेवया-पापडाचं युनिट किंवा अवजार बँक आहे त्यांनी तर वाचाच. ज्यांचा व्यवहार अजून बचत आणि कर्जापुरताच आहे त्यांनीही वाचा, कारण उद्या तुमच्याही दारात मशीनचा टेम्पो उभा राहणार आहे.

आपण बहुतेक जणींनी आयुष्यभर दुसऱ्याच्या बांधावर मजुरी केली. मालक प्यायला पाणी ठेवत नाही, दुपारी सावलीला बसू देत नाही, विळा लागला तर हळद लाव आणि चल म्हणतो, हे सगळं आपण सोसलं आणि घरी येऊन त्याच्या नावाने बोटं मोडली. आता आपल्या गटाच्या शेडमध्ये सीझनला बाहेरच्या चार-पाच बाया रोजाने येतात. हजेरीवहीवर सही आपली, पगाराचं पाकीट आपल्या हातचं. मग त्या घरी गेल्यावर बोटं कुणाच्या नावाने मोडत असतील?

हा प्रश्न मला फार उशिरा पडला. तो कसा पडला ते आधी सांगते.

मी तेव्हा आमच्या गटाची सचिव होते. एप्रिल महिना, मिरची-मसाल्याचा सीझन जोरात. सकाळी सातलाच दारात पोत्यांची रांग. आमच्या कांडप मशीनचा पट्टा जुना झालेला, सारखा सैल पडायचा. तो ताणायचा तर आधी वरची लोखंडी जाळी काढायची, चार बोल्ट खोलायचे, परत लावायचे. पंधरा-वीस मिनिटं जायची आणि बाहेर गिऱ्हाईक कुरकुर करायचं. दुरुस्तीवाला म्हणाला, "ताई, सीझन होईपर्यंत जाळी राहू द्या बाजूला." मी हो म्हटलं. जाळी भिंतीला टेकवून ठेवली. तिच्यावर आम्ही रिकामी पोती वाळत घालू लागलो.

पुढच्या आठवड्यात रोजाने आलेली एक ताई खाली सांडलेली मिरची गोळा करायला वाकली. पदर कमरेला खोचलेला होता, पण वाकताना सुटला आणि पट्ट्यात गेला. पदर ओढून घ्यायला तिने हात पुढे केला. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

त्या रात्री तातडीची बैठक झाली. पहिलं वाक्य काय आलं असेल? "तिचंच लक्ष नव्हतं." दुसरं, "आपण तर रोज सांगत होतो, जपून करा म्हणून." तिसरं, "तिचं नशीब." मीही मान डोलवत होते. मग आमच्या गटातली सगळ्यात म्हातारी, जिला सही येत नाही, अंगठा लावते, ती म्हणाली, "ते सगळं खरं. पण जाळी कुणी काढली?"

कुणी काही बोललं नाही.

"जपून कर" पुरत नाही

बायांनो, एक हिशेब करून बघा. आमच्या मोटरच्या पाटीवर १४४० लिहिलेलं होतं. म्हणजे मिनिटाला १,४४० फेरे, सेकंदाला २४. मोटरवरची पुली चार इंच व्यासाची. तिचा घेर साधारण ३२ सेंटिमीटर भरतो. २४ फेरे गुणिले ३२ सेंटिमीटर, म्हणजे एका सेकंदात साडेसात मीटर पट्टा पळतो. आपली सहावारी साडी किती? साडेपाच मीटर. डोळ्याची पापणी लवेपर्यंत अख्खी साडी आत. सांगा आता, कोणती बाई किती जपली म्हणजे वाचेल?

माणूस दिवसभरात थकतो. रात्री पोराला ताप असतो म्हणून झोप झालेली नसते. शेजारीण हाक मारते. दहा तासांत एकदाही लक्ष हलणार नाही असं माणूस देवाने घडवलेलं नाही. म्हणून मालकाचं काम असं की, तिचं लक्ष हललं तरी तिला इजा होऊ नये अशी जागा आधीच करून ठेवायची. जाळी त्यासाठीच असते.

कारखान्यांचा १९४८ सालचा कायदा होता. त्यात फिरता पट्टा, पुली, चाक झाकलेलं असलंच पाहिजे असं लिहिलं होतं. शिवाय, मशीन चालू असताना फिरत्या भागाची साफसफाई किंवा तेलपाणी बाईला करायला लावायचं नाही, अशीही तरतूद होती. कुणी म्हणेल, हे मोठ्या कारखान्यांना, आपण दहा-बारा बाया, आपल्याला कुठे लागू? तो वाद वकिलांवर सोडा. पट्टा माणसं मोजून ओढत नाही.

आधी काढा, मग झाका, मग सांगा

अपघातानंतर आम्ही शेडमध्ये सकाळपासून संध्याकाळपर्यंत नुसतं फिरलो. मशीन बंद. प्रत्येक ठिकाणी थांबून एकच प्रश्न: इथे कुणाला काय होऊ शकतं? त्यातून एक क्रम लक्षात आला. आपण घरात तान्हं बाळ असताना करतो तोच. रांगतं पोर चुलीपाशी जातंय, तर पहिलं आपण चूल उंचावर घेतो. ते जमत नसेल तर आडवी फळी लावतो. त्याला "हात नको लावू रे" सांगणं सगळ्यात शेवटी, आणि त्यावर विसंबून आपण विहिरीवर जात नाही. कामाच्या जागीही तसंच.

पट्टा सारखा सैल पडतो, हा खरा आजार होता. जाळी काढणं हा त्यावरचा आळशी उपाय. आम्ही मोटर सरकवता येईल अशी पट्टी बसवून घेतली. आता जाळी न काढता बाहेरूनच पट्टा ताणता येतो. एका वेल्डरचं अर्ध्या दिवसाचं काम. तेवढं आधी सुचलं असतं तर! जाळीलाही बिजागरी लावली, म्हणजे ती उघडली तरी जागा सोडून जात नाही.

मशीनच्या तोंडात मिरची ढकलायला लाकडी दांडा ठेवला, सुतळीने मशीनलाच बांधलेला, हरवू नये म्हणून. हाताने ढकलायचं नाही. तोंडाची नळीही लांब करून घेतली, हात आत पोचलाच नाही पाहिजे इतकी.

कपड्यांचा विषय नाजूक होता. पदर, ओढणी, मोकळी वेणी, काकणं, लांब मंगळसूत्र, हे सगळं फिरत्या मशीनला आवडतं. पण "काकणं काढ" असं कुणाला सरळ म्हटलं तर घरी सासू काय म्हणेल? आम्ही शिलाई काम करणाऱ्या गटाकडून पुऱ्या बाह्यांचे, मनगटाला घट्ट, मागे बांधायचे अंगरखे शिवून घेतले. पदर आत, मंगळसूत्र आत, काकणं बाहीच्या आत, केसांचा अंबाडा आणि वर टोपी. काढायचं काहीच नाही, झाकायचं. त्यामुळे कुणी नाही म्हटलं नाही. हे अंगरखे गटाच्या पैशाने घ्यायचे. "अंगरखा आणलास तर काम, नाहीतर घरी जा" हे मालकाचं बोलणं झालं, आणि कसल्या मालकाचं ते आपल्याला माहीत आहे.

एक गोष्ट उलटी वाटेल. फिरत्या मशीनजवळ हातमोजे घालायचे नाहीत. मोज्याचं टोक अडकलं तर ते हाताला घेऊनच आत जातं. हातमोजे मिरची निवडताना, डेख खुडताना घाला. मशीनवर नाही.

मिरचीचा खकाणा हा आपला जुना सोबती. ठसका, डोळ्यांची आग, रात्री हाताची जळजळ. "सवय होते" म्हणून आपण सोडून देतो. नाकाला ओला पंचा बांधला की बरं वाटतं, पण बारीक पूड त्यातून आत जातेच. आम्ही आधी भिंतीत बाहेर फेकणारा पंखा बसवला, मशीनच्या तोंडाच्या मागे. मग पीठ पडतं त्या तोंडाला लांब कापडी पिशवी घट्ट बांधली. या दोन गोष्टींनीच शेडमधला ठसका निम्म्यावर आला. त्यानंतर मास्क, तोही चांगला, नाक-गालाला चिकटून बसणारा. आणि एक बाई सलग तासाहून जास्त मशीनवर नाही, आलटून-पालटून. जिला दमा आहे किंवा दिवस गेलेत तिला पॅकिंगला बसवायचं. तिचा रोज मात्र कमी करायचा नाही. कमी केला तर ती दमा लपवून मशीनवर उभी राहील. मी तिच्या जागी असते तर मीही लपवला असता.

विजेची वायर आणि काड्यापेटी

खरं सांगा, तुमच्या शेडमध्ये एखाद्या बोर्डात पिनशिवाय नुसत्या वायरी खुपसून वर काड्यापेटीच्या काड्या ठोकलेल्या आहेत की नाही? आमच्याकडे दोन ठिकाणी होत्या. वायरमनला बोलावून पिना, अर्थिंग आणि गळती झाली की आपोआप बंद पडणारं ३० मिलीअँपिअरचं आरसीसीबी बसवून घ्या. आरसीसीबीला एक छोटं बटण असतं, त्यावर 'टी' हे अक्षर असतं. महिन्यातून एकदा दाबून बघायचं. लाईट गेली तर ते चालू आहे. गेली नाही तर त्याच दिवशी वायरमनला फोन. मेन स्विच कुठे आहे हे प्रत्येकीला ठाऊक हवं, आणि त्याच्यासमोर पोती रचलेली नसावीत.

मशीन साफ करताना नुसतं बटण बंद करून भागत नाही. मेन स्विच पाडायचा आणि त्याची किल्ली किंवा फ्यूज साफ करणाऱ्या बाईने स्वतःच्या कमरेला ठेवायचा. ती आत हात घालून बसलेली असताना लाईट आली, किंवा कुणी न बघता बटण दाबलं, तर?

पापड-लाडूचं युनिट असेल तर गॅसकडे बघा. टाकी उभी, हवेशीर जागी, नळीवरची तारीख तपासलेली. गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो. वास आला तर दारं-खिडक्या उघडा, रेग्युलेटर बंद करा, विजेचं कुठलंही बटण दाबू नका, चालू पंखासुद्धा बंद करायचा नाही. बाहेर येऊन १९०६ ला फोन करा.

शेतात आपणच मालक असतो तेव्हा

मशीन नसलं तरी हा धडा सुटत नाही. बऱ्याच गटांची अवजार बँक आहे, फवारणीचे पंप भाड्याने जातात. काही गट ठेक्याने जमीन करतात आणि फवारायला मजूर लावतात.

२०१७ चा पावसाळा आठवा. यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. त्या वर्षी कपाशी डोक्याएवढी वाढली होती. फवारा वर मारायचा, तोच तोंडावर यायचा. उकाडा आणि दमट हवा, अंगावर घामाने चिकटलेला शर्ट, त्यातून औषध कातडीत. दोन-तीन औषधं एकत्र कालवलेली. अंगावर ना मास्क ना हातमोजे. त्यातले कितीतरी जण दुसऱ्याच्या शेतात रोजाने फवारत होते. औषध मालकाने आणलं, पंप मालकाने दिला, हातमोजे मात्र कुणीच दिले नाहीत.

म्हणून पंप भाड्याने देताना त्याच्याबरोबर हातमोजे, मास्क, चष्मा आणि पुऱ्या बाह्यांचा अंगरखा द्यायचाच, वेगळं भाडं न लावता. फवारणी सकाळी किंवा संध्याकाळी, वाऱ्याकडे पाठ करून. डब्यावरच्या चौकोनात लाल रंग असेल तर ते सगळ्यात जहाल, त्याखाली पिवळा, मग निळा, मग हिरवा. आणि फवारणीचे कपडे घरच्या धुण्यात मिसळायचे नाहीत. ते कपडे धुणारी बाईच असते, तिची विषबाधा कुणी मोजत नाही.

पैशाचं बोलू

किलोमागे पैसे दिले की काम पटापट होतं, असं आपल्याला वाटतं. होतंही. पण किलोमागे पैसे मिळणारी बाई जाळी लावायला, मशीन थांबवून दांडा शोधायला थांबेल का? तिची प्रत्येक मिनिटाला किंमत आपण ठरवून दिलीय. माझं स्पष्ट मत आहे: निवडणं, पॅकिंग याला हवं तर नगावर द्या, मशीनवर मात्र रोजच हवा. यावर आमच्या गटात दोन बैठका भांडण झालं. अजूनही सगळ्यांना पटलेलं नाही.

दुसरं, भरपाई. कामावर असताना इजा झाली तर मालकाने भरपाई द्यायची, हा कायदा १९२३ साली आला, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तेच तत्त्व ठेवलंय. मालकाची चूक होती का, हे सिद्ध करावं लागत नाही. मृत्यू झाला तर महिन्याच्या पगाराची निम्मी रक्कम गुणिले वयाप्रमाणे ठरलेला आकडा. चाळीस वर्षांच्या बाईसाठी तो आकडा १८४.१७ आहे. तिला महिन्याला ६,००० रुपये पडत असतील तर ३,००० गुणिले १८४.१७, म्हणजे ५ लाख ५२ हजार ५१० रुपये. कायमचं अपंगत्व आलं तर ते किती टक्के आहे त्यावर रक्कम ठरते.

आमच्या गटाने सुरुवातीला दवाखान्याचं बिल भरलं आणि सुटलो असं समजलो. सुटलो नव्हतो. त्या ताईची भरपाई देता देता दोन वर्षं आम्ही नफा वाटला नाही. अशी वेळ आली तर गुपचूप हातोहात मिटवू नका. तालुक्याच्या विधी सेवा समितीत बाईमाणसाला वकिलाचा सल्ला मोफत मिळतो, दोन्ही बाजूंनी तिथे जा. आणि वेळ येण्याआधी गटाच्या नावाने कामगार भरपाईचा विमा उतरवा, विमा कंपन्यांकडे तो मिळतो.

प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना तर प्रत्येकीची हवीच. वर्षाला २० रुपये, १८ ते ७० वय, अपघाती मृत्यूला २ लाख. बँकेत एक फॉर्म भरायचा, पैसे दरवर्षी खात्यातून कापले जातात, म्हणून मे महिन्यात खात्यावर शिल्लक आहे का ते बघा. रोजाने येणाऱ्या बायांचे ते २० रुपये गटाने भरावेत. पण हा विमा काढला म्हणून गटाची भरपाईची जबाबदारी संपत नाही, हे लक्षात ठेवा.

अजून एक, ज्यावर बैठकीत कुणी पटकन बोलत नाही. माल न्यायला येणारा, दुरुस्तीवाला, टेम्पोवाला जर एखाद्या बाईशी वावगं वागला तर तोही कामाच्या जागेवरचाच धोका. २०१३ चा कायदा आहे. दहापेक्षा कमी माणसं असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. रोजाने येणाऱ्या बाईला ती तक्रार करताना गट आपल्या मागे आहे असं वाटलं पाहिजे, मग तो टेम्पोवाला कितीही स्वस्तात माल पोचवत असो.

अपघात झालाच तर

विजेचा धक्का बसलेल्या बाईला हात लावू नका, आधी मेन स्विच. भाजलं तर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी. टूथपेस्ट, तेल, शाई काही नाही. बोट तुटलं तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबा, हात वर धरा. तुटलेलं बोट स्वच्छ ओल्या कापडात, ते प्लास्टिकच्या पिशवीत, आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात. बर्फ बोटाला थेट लागू द्यायचा नाही. १०८ ला फोन. आमच्या वेळी यातलं काहीच कुणाला माहीत नव्हतं. बोटं कुणी उचललीच नाहीत.

ती ताई आता कुठे आहे, असं तुम्ही विचाराल. आमच्याकडेच आहे, आता गटाची सभासद आहे. सकाळी मशीन चालू करायच्या आधी दहा मिनिटं ती फिरते. जाळी, दांडा, वायरी, ओली जमीन, आणि कुणी लेकराची झोळी शेडमध्ये बांधलीय का, हे बघते. झोळी दिसली तर शेजारच्या खोलीत हलवते. त्या दहा मिनिटांचे तिला पैसे मिळतात. मेनची किल्ली तिच्याकडे असते. मागच्या मार्चमध्ये तिने एक दिवस मशीन चालूच करू दिलं नाही, कारण अर्थिंगची वायर तुटली होती. बाहेर अकरा पोती मिरची पडून होती आणि आमच्या अध्यक्ष ताई चिडल्या होत्या. पण किल्ली मिळाली नाही. वायरमन दुपारी तीनला आला.

पुढच्या बैठकीपर्यंत करायचं काम

एक वही घ्या, तिच्यावर 'थोडक्यात वाचलो' असं नाव घाला आणि शेडमध्ये खिळ्याला लटकवा. पाय घसरला पण पडली नाही, झिणझिण्या आल्या, टोपी अडकता अडकता राहिली, असं जे जे घडेल ते तारीख घालून लिहायचं. जिला लिहिता येत नाही तिचं दुसरीने लिहायचं. नाव लिहायचं नाही, कुणाला रागवायचं नाही. बैठकीत कर्जाचे हप्ते झाले की ही वही वाचायची आणि प्रत्येक नोंदीपुढे लिहायचं: काय बदललं, कुणी बदललं, किती खर्च आला.

पहिल्या पानावर मात्र आजच एक ओळ लिहा: आपल्या शेडमधली कोणती जाळी, कोणतं झाकण, कोणता गार्ड सध्या काढून ठेवलेला आहे, आणि कुणाच्या सांगण्यावरून.